गार्डसाहेबांची भिंत

कोणाच्याही घरात शिरल्यावर काकू आधी भिंतीवर टकटक करायच्या. मधलं बोट वाकवून, हलक्या हाताने. मग मान तिरकी करून ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या, "ही मागाहूनची." घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत त्यांनी त्या घराची अर्धी कुंडली मांडलेली असायची. बसा म्हटलं की "बसते की," म्हणायच्या आणि उभ्याच राहायच्या.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शाळेतल्या नोकरीसाठी नाशिक रोडला आले आणि त्यांच्या समोरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी टेम्पोतून सामान उतरत असताना एक उंच, काटकुळी बाई हातात कढीपत्त्याची डहाळी घेऊन सरळ आत आली. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने टकटक केली आणि म्हणाली, "बाई, हितं खिळा ठोकू नका. ही पोकळ हाय. मालकानं लपवलंय तुमच्यापासून." मालक शेजारीच उभा होता.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांना एका जागी बूड टेकवणं म्हणजे शिक्षा वाटते. काकू शिवणकाम करायच्या. बाही जोडायला बसल्या की मध्येच उठून कौलाकडे बघायच्या, परत येऊन दोन टाके घालायच्या, की लगेच मोरीतलं पाणी कुठल्या उताराने जातंय ते बघायला निघायच्या. त्यांनी शिवलेल्या माझ्या एकाही ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या सारख्या नव्हत्या. तक्रार केली तर म्हणायच्या, "हात वर करून कुठं हिंडायचंय तुम्हाला?"

त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून होतं. गल्लीतले लोक थट्टेने त्याला बंगला म्हणत. बंगला कसला, दोन खोल्या, मागे सुटं स्वयंपाकघर आणि पुढे रस्त्याच्या बाजूला पडवी. पण जोतं काळ्या दगडाचं, भिंती चुन्यातल्या विटांच्या आणि हातभर रुंद, वर मंगलोरी कौलं. उन्हाळ्यात आत गेलं की अंगावरचा घाम आपोआप निवायचा.

हे घर पहिल्यांदा बांधलं ते रेल्वेतल्या एका गोवेकर गार्डाने. त्यानंतर फाळणीत सगळं मागे टाकून देवळालीच्या छावणीत आलेल्या एका सिंधी कुटुंबाने ते घेतलं. त्यांच्याकडून नामपूरच्या एका हेडमास्तरांनी, आणि मास्तर निवृत्त होऊन गावी गेले तेव्हा काका-काकूंनी. काका नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते. काकू पिंपळगाव बसवंतच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या. जुन्या घरांशी त्यांचा सात पिढ्यांत संबंध नव्हता. पण या घरात पाऊल टाकलं आणि बाईंना जे वेड लागलं ते लागलं.

गार्डसाहेब, सिंधी भाभी आणि मास्तर ही माणसं त्या घरात अजून राहतात, असं वाटावं अशी त्यांची भाषा होती. "भाभींच्या मोरीत बादली हाय बघा." "मास्तरांच्या कोनाड्यातली किल्ली घ्या." "गार्डसाहेबांचा झरोका आज कुरकुरतोय." एकदा त्यांच्याकडे मुक्कामाला आलेल्या एका पाहुणीने मला हळूच विचारलं होतं की घरात एकूण माणसं आहेत तरी किती.

दिवाणखान्याच्या रस्त्याकडच्या भिंतीला मात्र त्या कधी टकटक करत नसत. ती गार्डसाहेबांची भिंत. घराची पहिली भिंत, सगळ्यात जाड आणि आंधळी. तिला एका कडेला तेवढं एक दार होतं, खिडकी एकही नाही. त्या भिंतीवर कुणी साधं कॅलेंडर टांगायला खिळा मागितला तरी काकू अंगावर धावून यायच्या.

भिंत आंधळी का, हे त्यांना बरीच वर्षं माहीत नव्हतं. मग एका दुपारी गल्लीत एक टॅक्सी थांबली आणि फ्रॉक घातलेली एक म्हातारी बाई खाली उतरून त्या घराकडे नुसती बघत उभी राहिली. ती गार्डसाहेबांची मुलगी होती. काकूंनी तिचा हात धरून जवळजवळ ओढतच तिला आत नेलं. बिचारीला आपली आई जिथे गेली ती खोली एकदा बघायची होती. काकूंनी आधी तिला गटार दाखवलं, मग धुरांडं, मग स्वयंपाकघराच्या वाटेवरचं छप्पर, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, हे तुमच्या वेळचं की मागाहूनचं. शेवटी ती बाई दिवाणखान्यात आली आणि आंधळ्या भिंतीला हात लावून रडायला लागली. म्हणाली, पप्पा रात्रभर गाडीवर असायचे आणि दिवसा झोपायचे. रस्त्याचा आवाज नको, उजेड नको, म्हणून त्यांनी इथे खिडकी ठेवलीच नव्हती. आम्ही मुलं दिवसभर चवड्यांवर चालायचो.

निघताना काकूंनी शिडी लावली, वर चढून छपरावरचं एक कौल काढलं आणि पदराने पुसून तिच्या हातात दिलं. "तुमचंच हाय, न्या." त्या पावसाळ्यात नेमकं तिथेच गळायला लागलं. काका एकही शब्द न बोलता खाली पातेलं ठेवत राहिले. काका तसेच होते. प्रेस आणि घर, घर आणि प्रेस.

पुढे काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वाचेतला एकच शब्द उरला, "चला." भूक लागली की चला, दिवा मालवायचा असला की चला, राग आला तरी चला. जन्मभर कुठेही न गेलेल्या माणसाकडे नेमका तो शब्द का उरावा, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. काकू म्हणायच्या, "मला उभ्या आयुष्यात कधी म्हणाले नाहीत. आता दिवसातून शंभरदा म्हणतात, तर मला ह्यांना नेता येत नाय."

काकूंनी त्यांची खाट पडवीत घातली. तिथून काकांना सगळा रस्ता दिसायचा. प्रेसच्या पाळ्या सुटल्या की सायकलींचा लोंढा यायचा, त्यात जुने सोबती असायचे. पिंपळगावकडून कांदा-द्राक्षांचे टेम्पो यायचे. त्यातले बरेच ड्रायव्हर काकूंच्या माहेरच्या ओळखीचे. ते गाडी जरा हळू करून हॉर्न द्यायचे आणि काका डावा हात वर करायचे. या हॉर्नवर आणि या हातावर त्यांचा दिवस सरायचा. पडवी हेच त्यांचं सगळं जग होतं, आणि हे काकूंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सिंहस्थ जवळ आला की नाशकात रस्ते रुंद होतात. आमच्या रस्त्याचीही मोजणी सुरू झाली. मोजणीला आलेला इंजिनियर पोरसवदा आणि भला होता. पडवीतली खाट, तिच्यावरचे काका, त्यांचा वर झालेला डावा हात, हे सगळं त्याने पाहिलं. हातातली टेप गुंडाळत त्याने विचारलं, "काकू, ही पडवी घराबरोबरचीच ना? मूळचीच?"

मी तेव्हा फाटकाशी उभी होते. त्याने प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं. काकूंनी नुसती मान हलवायची होती.

"छे," काकू म्हणाल्या, "ही मागाहूनची."

आणि एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी त्याला दंडाला धरून दारापाशी नेलं. "हा दारावरचा छज्जा बघा. छज्जा कशाला असतो? पावसाला. मग पडवीच्या आत पाऊस कुठून येणार? म्हणजे हे दार आधी उघड्यावर होतं. आणि हे जोतं बघा, हितं सांधा हाय. अलीकडं दगड, पलीकडं वीट." बोलता बोलता त्या रंगून गेल्या. इतक्या आस्थेने ऐकून घेणारा माणूस त्यांना कित्येक दिवसांत भेटला नव्हता.

इंजिनियरने पुन्हा विचारलं, "नक्की?"

"नक्की म्हणजे? मी तेच तर सांगतेय मघापासून."

तो बिचारा खाली बघत म्हणाला, "मूळ घर असतं तर रस्त्याची रेषा पलीकडच्या बाजूला सरकवायला मला कारण होतं. तिकडे मोकळी जागा आहे. पण नंतर वाढवलेलं बांधकाम काढावंच लागतं, काकू."

काकूंचा हात छज्ज्याकडे वर केलेला होता, तो तसाच राहिला. खाटेवरून काका म्हणाले, "चला." ते कुणाला म्हणाले, कशासाठी म्हणाले, आम्हाला कळलं नाही.

माझा असा संताप झाला होता की तो निघून गेल्यावर मी काकूंना तोंडावर म्हटलं, "दूधवाल्याला खोटं सांगता. नणंद येते म्हटलं की घरात कांजिण्या आहेत म्हणून कळवता. एवढं एकच खोटं तुम्हाला जड झालं?"

"ती माझी खोटी असत्यात बाई," काकू म्हणाल्या. "घराचं कसं खोटं बोलू? गार्डसाहेब थोडेच येणारेत सांगायला, हे माझं, हे माझं नाय म्हणून. कुणीतरी ज्याचं त्याला दिलं पाहिजे."

असं म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून त्यांचं चित्त उडालं. आधीच एका जागी न बसणारी बाई, आता तर घरभर भिरभिरत राहायची. सकाळी उठलं की पडवीत, दुपारी पडवीत. जोत्याचा सांधा खरवडायच्या, छज्ज्यावर पाणी ओतून बघायच्या. इतकी वर्षं स्वतःच सिद्ध केलेलं आता त्यांना खोडून काढायचं होतं. गार्डसाहेबांनीच घर बांधून झाल्यावर लगोलग पडवी काढली असेल तर? मग ती मूळचीच म्हणायची की नाही? मला विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता आत जायच्या.

गार्डाच्या मुलीचा पत्ता घ्यायचं त्या गटाराच्या नादात विसरल्या होत्या. सिंधी कुटुंब कुठे गेलं कुणालाच माहीत नव्हतं. उरले मास्तर. एका सुटीच्या दिवशी शेजारणीला काकांजवळ बसवून आम्ही नामपूरला निघालो. सटाण्यापर्यंत एसटीत काकूंनी कितीदा जागा बदलली असेल, सांगता येत नाही. कंडक्टर वैतागून म्हणाला, "मावशी, गाडी तुम्ही न हलवता पण पोहोचंल."

मास्तर खूप थकले होते. घरापुढे कांद्याची प्रतवारी चालली होती आणि ते खाटेवर बसून बघत होते. काकूंना त्यांनी आवाजावरून ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही घर घेतलं तेव्हा पडवी होती. हे मला पक्कं आठवतं."

काकूंचा चेहरा असा उजळला की मला हायसं वाटलं. मास्तरांनी काकांची चौकशी केली. त्यांचा एक शब्द, ती खाट, ते हॉर्न, हे ऐकून म्हाताऱ्याचे डोळे भरले आणि इतका वेळ शाळेतल्यासारखं बोलणारे मास्तर घरच्या अहिराणीवर आले. "मी येसू ना तुमना संगे. सांगसू त्या साहेबले, पयलेपासून शे म्हनीसन. त्यामा काय?"

झालं, काम झालं, असं मला वाटलं. मी पिशवी उचललीसुद्धा. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पण गुरुजी, मग दारावर छज्जा कसा?"

मी त्यांचा हात दाबला. व्यर्थ. मास्तर विचारात पडले आणि विचार करता करता त्यांना आठवलं. घर विकताना सिंधी भाभींनी त्यांना सांगितलं होतं. छावणीतून आल्यावर घर चालवायला भाभी पापड करायच्या. उन्हात लाटलेले पापड चिरायचे, म्हणून त्यांनी नवऱ्याच्या मागे लागून पुढे छप्पर काढून घेतलं. त्या पडवीत एका वेळी पाच-सहा बायका पापड लाटायला बसायच्या.

"पापडांसाठी," काकू म्हणाल्या. "म्हणून फरशी गुळगुळीत. म्हणून पश्चिमेला जाळी. अगं बाई, म्हणून ती एवढी लांबोडी." त्या उठून उभ्या राहिल्या, कांद्याच्या ढिगाभोवती एक चक्कर मारली आणि लहान मुलीसारख्या हसल्या. आपण कशासाठी आलो होतो हे त्या खरंच विसरल्या होत्या.

मास्तर तरी म्हणत होते की मी येतो, सांगतो. काकूंनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "नको गुरुजी. भाभींनी पापड लाटून उभी केली. ती मी गार्डाच्या नावावर कशी घालू?"

परतीच्या एसटीत मात्र त्या एकाच जागी बसल्या. सटाणा गेल्यावर त्यांना रडू फुटलं. "माझ्या तोंडानं मी ह्यांची पडवी पाडली बाई," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला त्यांचा राग येत होता, कीव येत होती, आणि खरं सांगायचं तर इतकी माया मला त्यांच्याबद्दल पूर्वी कधी वाटली नव्हती.

यंत्र यायच्या आधी काकूंनीच गवंडी बोलावून पडवी उतरवून घेतली. कौलं रचून ठेवली, जाळी अख्खी काढली. काकांची खाट दिवाणखान्यात गेली, गार्डसाहेबांच्या भिंतीसमोर.

त्यानंतर काकांचं "चला" बंद झालं. घास तोंडाशी नेला की ओठ मिटून घ्यायचे. रस्त्यावरचे ड्रायव्हर काही दिवस सवयीने हॉर्न देत राहिले. हॉर्न वाजला की आत काका भिंतीकडे बघून डावा हात वर करायचे. हे मी एकदा पाहिलं आणि पुन्हा काही दिवस त्या घरात गेले नाही.

गेले ती काकूंनी हाक मारली म्हणून. गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन उभा होता आणि काकू काकांच्या खाटेवर आडव्या झाल्या होत्या. काकांना त्यांनी शेजारच्या खुर्चीत उशांच्या आधाराने बसवलं होतं. त्यांच्याच उशीवर डोकं ठेवून, एका कुशीवर वळून काकू हाताने भिंतीकडे दाखवत होत्या. "अजून खाली. अजून. हां, हितं खूण कर."

"काकू, एवढ्या खाली खिडकी?" गवंडी म्हणाला. "उभ्या माणसाला काय दिसणार?"

"उभ्या माणसानं बाहेर जाऊन बघावं," काकू म्हणाल्या.

मग उठल्या, पदर खोचला आणि गवंड्याच्या हातातून हातोडा घेतला. त्या भिंतीसमोर क्षणभर उभ्या राहिल्या. जिच्यावर त्यांनी कधी कुणाला खिळाही ठोकू दिला नव्हता, ती भिंत. "गार्डसाहेब," त्या म्हणाल्या, "पुरे झाली झोप." आणि पहिला घाव त्यांनीच घातला.

चुना फार जुना आणि चिवट होता. संध्याकाळपर्यंत खोलीभर धूळ उडत होती. भोक आरपार पडलं तेव्हा उजेडाची एक पट्टी काकांच्या अंगावर आली. पडवी गेल्यामुळे रस्ता आता अगदी जवळ आला होता. काका बघत राहिले. पांढऱ्या झालेल्या पापण्यांनी, धुळीने खोकत, बघत राहिले. मग काकूंकडे वळून "चला" म्हणाले, आणि काकू तशाच धुळीच्या हातांनी त्यांच्यासाठी खिमट करायला धावल्या.

पुढची बरीच वर्षं ती खिडकी काकांची होती. ते गेल्यावर काकूंना त्या घरात राहवेना. घर त्यांनी एका तरुण जोडप्याला विकलं आणि पिंपळगावला लेकीकडे गेल्या. लेकीचं घर नवंकोरं, स्लॅबचं. फोनवर म्हणाल्या, "बाई, हितल्या भिंती सगळ्या एकाच वेळच्या. कुणाशी बोलायचं?" त्यानंतर फार दिवस त्या राहिल्या नाहीत.

त्या गेल्याची बातमी आली त्याच आठवड्यात समोरच्या घराच्या त्या तरुण नव्या मालकिणीने मला हाक मारली. हातात ओलं फडकं, खोलीत रंगाचे डबे. "ताई, ही खिडकी कुणी काढली हो इतकी खाली? बाहेरून आमचे नुसते गुडघे दिसतात. हे म्हणतात बुजवून वर नवी काढू. त्या काकूंनी घर देताना आम्हाला सगळं सगळं दाखवलं. गार्ड, सिंधी भाभी, मास्तर, अख्खी दुपार गेली. या खिडकीपाशी आल्या आणि काही न बोलता पुढे गेल्या."

मग मी सांगितलं. पडवीचं, मोजणीचं, हॉर्नचं, आणि त्या खाटेवर आडवं होऊन केलेल्या खुणेचं. माझं संपल्यावर त्या मुलीने फडकं बाजूला ठेवलं आणि त्या खिडकीसमोर फरशीवर बसली. बाहेरून कांद्याने भरलेला एक टेम्पो चालला होता.

"इथून सगळा रस्ता दिसतो," ती म्हणाली, आणि थोडी सरकून तिने मला बसायला जागा केली.